चिकटवहीचे साहित्य : काय घ्यावे, काय टाळावे आणि त्यातून धंदा कसा उभा राहतो

चिकटवही म्हटले की शाळेतील मुलांनी फुला-पानांची चित्रे कापून डकवलेली वही डोळ्यांसमोर येते. म्हणून आपले व्यापारी बंधू या वस्तूकडे पोरखेळ म्हणूनच पाहतात. परंतु हीच वही चांगल्या कागदावर, योग्य खळीने आणि मजबूत बांधणीने केली, तर ती एका घराण्याचे दप्तर होते. निकाहाची पत्रिका, हजहून आलेले वडीलधाऱ्यांचे पत्र, दुकानाच्या पहिल्या मालाची पावती, मुलीच्या परीक्षेतील यशाचे वर्तमानपत्री कात्रण, जुने फोटो असे सारे एका जागी राहते आणि नातवंडांच्या हाती जाते. परदेशात हा छंद 'स्क्रॅपबुक' या नावाने मोठा व्यापार होऊन बसला आहे. आपल्याकडेही लग्नसराईत, शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांसाठी आणि भेट देण्यासाठी अशा वह्यांना मागणी येते. ही वही सुरू करण्यास कमीत कमी कोणते साहित्य लागते, ते कसे पारखावे, आणि आपल्या कारागिरांना त्यात काय करता येईल, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

आमच्या शिरोळ तालुक्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचा हा तालुका. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत येथील गावांत घराघरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर भांडी घासून घेता आली, कपडे धुऊन वाळवता आले. पण ट्रंकेत, कपाटाच्या तळाला, माळ्याखालच्या पेटीत ठेवलेल्या कागदांचा लगदा झाला. त्या लगद्यात कुणाचे एकुलते एक फोटो होते, कुणाच्या वडिलांच्या हातचे शेवटचे अक्षर होते. चिकटवही पूर अडवत नाही, हे खरे. पण दहा ठिकाणी विखुरलेले कागद उचलून पळता येत नाही. एक वही आणि एक डबा मात्र काखेत मारून निघता येते. शिवाय वही करताना प्रत्येक कागद हाताखालून जातो, त्याची प्रत काढून नातेवाईकाकडे दुसऱ्या गावी ठेवता येते. हा फायदा मोठा आहे.

हा प्रकार आपल्याला परका नाही

ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले त्यांना 'मुरक्का' हा शब्द माहीत असेल. सुलेखनाचे नमुने आणि चित्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवून, त्यांच्याभोवती नक्षीचा हाशिया लावून जी पोथी बांधली जाई, तिला मुरक्का म्हणत. जहांगीर बादशहाचा 'मुरक्का-ए-गुलशन' प्रसिद्ध असून त्याचा मोठा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान महालाच्या ग्रंथालयात आहे. लाहोरचे चित्रकार अब्दुर्रहमान चुगताई यांनी १९२८ साली गालिबच्या काव्यावरील आपल्या चित्रांच्या ग्रंथाला 'मुरक्का-ए-चुगताई' हेच नाव दिले. या शब्दाचा मूळ अर्थ 'ठिगळे जोडलेले' असा असून सूफी फकिरांच्या ठिगळांच्या कफनीलाही हाच शब्द होता. आम्हा कापडवाल्यांना यात विशेष वाटण्याचे कारण उघड आहे. तुकडे जोडून टिकाऊ वस्तू करणे हे मुळात आपल्याच हातचे काम.

पश्चिमेकडे हा छंद एकोणिसाव्या शतकात फोफावला. अमेरिकेतील विख्यात लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली अशा वहीचे पेटंट घेतले होते, ज्यात पानांवर आधीच गोंद लावलेला असे आणि तो ओला करून कात्रण चिकटवता येई. म्हणजे ही वस्तू बाजारात विकण्याची कल्पनाही दीडशे वर्षे जुनी आहे.

आता साहित्याकडे वळू. यादी लहान आहे. कागद, चिकटवण्याचे द्रव्य, शाई, हत्यारे आणि बांधणी. यातील पहिल्या तीन गोष्टींत चूक झाली, तर वही कितीही सुंदर दिसली तरी दहा-पंधरा वर्षांत पिवळी पडते, डाग धरते, किंवा आतल्या फोटोलाच खाऊन टाकते.

१. कागद

कागद पिवळा का पडतो हे आधी समजून घ्यावे. वर्तमानपत्राचा कागद लाकूड भरडून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते हवा आणि उजेडाने तपकिरी होते. म्हणून वर्तमानपत्र उन्हात चार दिवस राहिले की पिवळे दिसते. दुसरे कारण आम्लाचे. यंत्राच्या कागदावर शाई फुटू नये म्हणून एकोणिसाव्या शतकापासून राळ आणि तुरटीची खळ देण्याची पद्धत पडली. तुरटीमुळे कागदात आम्ल राहते आणि ते कागदाचे तंतू हळूहळू तोडते. जुन्या पुस्तकाचे पान दुमडले की तुटते, त्याचे कारण हेच. हल्ली अनेक कारखाने खडूची भुकटी घालून आम्लरहित कागद काढतात. दुकानात मागताना 'अॅसिड फ्री' असे सांगावे आणि वेष्टनावर तसा उल्लेख आहे का ते पाहावे.

सर्वांत टिकाऊ कागद कापसाचा. कापसात लिग्निन जवळजवळ नसतेच. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद नीट ठेवला तर शेकडो वर्षे राहतो. पेशवे दप्तरातील कागद आजही वाचता येतात. त्या काळच्या दौलताबादी आणि जुन्नरी कागदाची नावे जुन्या कागदपत्रांत येतात. हा कागद करणारे कारागीर मुसलमान कागदी होते, ही गोष्ट आपल्या तरुणांना माहीत असावी. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा हे कारागीर इकडे आले असे सांगितले जाते. पुण्यातील कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तोही याच लोकांच्या वस्तीवरून. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीतून के. बी. जोशी यांनी पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू केली. जयपूरजवळील सांगानेर येथे कागजी घराणी आजही हातकागदाचा मोठा व्यापार करतात आणि परदेशी माल पाठवतात.

पानांसाठी कागद किती जाड हवा? कापडाप्रमाणेच कागदाचाही जीएसएम असतो, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. लिहिण्याचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्यावर फोटो चिकटवला तर पान वाकते. चिकटवहीच्या पानाला १८० ते २५० जीएसएम योग्य. व्यापाऱ्याने सांगितलेला जीएसएम तपासणे सोपे आहे. २० बाय ३० इंचाचा २२० जीएसएमचा ताव सुमारे ८५ ग्रॅम भरतो, म्हणजे शंभर ताव साडेआठ किलो. १८० जीएसएमचे शंभर ताव सुमारे सात किलो. तराजू खोटे बोलत नाही.

आता पन्ह्याचा हिशोब. परदेशी वह्यांचे पान बहुधा १२ बाय १२ इंचाचे असते, म्हणून काही जण तोच आकार धरतात. २० बाय ३० च्या तावातून असे पान दोनच निघते आणि निम्म्याहून अधिक कागद कात्रणात जातो. त्याच तावातून १० बाय १० इंचाची सहा पाने निघतात आणि एक इंचही वाया जात नाही. २२ बाय २८ चा ताव असेल, तर ११ बाय १४ ची चार पाने बिनघोर निघतात. शिंपी पन्हा पाहून बेत करतो, तसेच येथे ताव पाहून वहीचा आकार ठरवावा. १० इंची चौकोनी पाने धरली, तर चार तावांत २४ पानांची वही होते.

आणखी एक बारकावा. यंत्राच्या कागदातही ताणा-बाण्यासारखी दिशा असते, कारण तंतू यंत्र धावते त्या बाजूने पडतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर तंतू आहेत असे समजावे. पुस्तकाचा कणा त्याच रेषेला समांतर ठेवावा, म्हणजे पान सहज उलटते आणि दमट हवेत लाटा येत नाहीत. चौकोनी पान हवे तसे फिरवता येते, हाही त्या आकाराचा फायदा आहे.

कागदाची घरगुती परीक्षा अशी करावी. एक तुकडा घेऊन त्याचा अर्धा भाग जाड पुस्तकात दाबावा, अर्धा बाहेर ठेवावा आणि खिडकीत उन्हात आठ-दहा दिवस राहू द्यावा. दोन भागांत रंगाचा फरक उघड दिसला, तर तो कागद चिकटवहीसाठी घेऊ नये.

२. चिकटवण्याचे द्रव्य

सर्वाधिक नुकसान येथे होते. पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे सेलोटेप, कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा चिकट थर पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो डाग निघत नाही. रबराचे सोल्यूशन, चपलांना लावतात तो डिंक, हेही टाळावे. ज्या आल्बमच्या पानांवर चिकट रेघा असून वरून प्लास्टिक ओढून घेतात, तोही फोटोंचा शत्रू आहे. फोटो त्याला असा धरतो की पुढे काढताना फाटतो.

मग लावावे काय? तीन पर्याय आहेत.

(अ) मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवावे, पारदर्शक झाले की उतरवून गाळून घ्यावे. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ देतात, त्याच जातीचे हे काम आहे. ही खळ स्वस्त आहे, आणि मुख्य म्हणजे पाण्याने पुन्हा सुटते, त्यामुळे उद्या कागद काढायचा झाला तर काढता येतो. दोन दिवसांत वापरून टाकावी, वास आला की फेकावी. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे. घरी मुलांच्या हाताशी असणाऱ्या खळीत ते घालू नये. तुरटीही घालू नये, कारण वर सांगितलेले आम्ल तिच्यातूनच येते.

(आ) पांढरा सिंथेटिक डिंक, जो सुतार आणि बांधणीवाले वापरतात. पुठ्ठा आणि कापड यांसाठी उत्तम. पातळ कागदाला थेट लावला तर सुरकुत्या येतात, म्हणून अगदी पातळ हात द्यावा. फोटोच्या पाठीला लावू नये, कारण वाळल्यावर तो सहजी सुटत नाही.

(इ) डिंकाची कांडी, म्हणजे ग्लू स्टिक. मुलांसाठी सोयीची, सुरकुती कमी येते. चांगल्या कंपनीची घ्यावी. स्वस्तातली कांडी वर्षभरात सुटते.

फोटो आणि मूळ कागद मात्र चिकटवूच नयेत. त्यांना कोपरे लावावेत. तयार कोपरे बाजारात मिळतात, पण कागदाचे घरीही होतात. दोन इंच लांब आणि एक इंच रुंद पट्टी आडवी धरावी. वरच्या कडेचा मध्य धरून दोन्ही बाजूंचे वरचे कोपरे खालच्या कडेच्या मध्यावर आणून दुमडावेत. त्रिकोणी खिसा तयार होतो. त्याच्या मोकळ्या बाजूने फोटोचा कोपरा आत सारावा, दुमडलेल्या बाजूला खळ लावून खिसा पानावर चिकटवावा. फोटोला खळीचा स्पर्शही होत नाही. चार कोपऱ्यांवर फोटो घट्ट बसतो आणि हवा तेव्हा निघतो.

३. शाई आणि पेन

फोटोखाली नाव, गाव, साल लिहिले नाही तर तीस वर्षांनी तो कुणाचा हे सांगणारे कोणी राहत नाही. म्हणून लिहिणे हा या वहीचा प्राण आहे. बॉलपेनची आणि स्केचपेनची शाई फिकी पडते, ओल लागली की स्केचपेनची फुटते. काळी पिगमेंट शाईची बारीक टोकाची पेने स्टेशनरी दुकानात मिळतात, ती घ्यावीत. काजळ आणि डिंकाची जुनी काळी शाई, जिने आपले कातिब लिहीत आले, ती उजेडाने उडत नाही, कारण काजळ म्हणजे कोळसाच. शाईची परीक्षा सोपी आहे. लिहून एक दिवस वाळू द्यावे, मग वर पाण्याचा थेंब टाकावा. पसरली तर ती शाई नको.

फोटोच्या पाठीवर पेनने लिहू नये, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहावे. थर्मल कागदावरच्या पावत्या आणि तिकिटे काही महिन्यांत कोरी होतात. त्यांची झेरॉक्स काढून ती लावावी. वर्तमानपत्राच्या कात्रणाचेही तसेच करावे. झेरॉक्सची काळी भुकटी टिकते, वर्तमानपत्राचा कागद टिकत नाही.

४. हत्यारे

एक मध्यम कात्री, एक पात्याचा कटर, एक बारा इंची स्टीलची पट्टी, एक मऊ पेन्सिल, एक खोडरबर आणि घडी दाबण्यास हाडाची किंवा बांबूची गुळगुळीत पट्टी. एवढ्यावर काम भागते. कटर चालवताना खाली जाड पुठ्ठा ठेवावा. पट्टी स्टीलचीच हवी, प्लास्टिकच्या पट्टीची कड पाते खाते. पात्याचे टोक बोथट झाले की लगेच मोडून पुढचे काढावे. बोथट पाते कागद फाडते आणि जोर लावला की बोटावर येते.

५. बांधणी आणि आवरण

पुठ्ठा दोन मिलिमीटर जाड असावा आणि पानापेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा. वर सुती बांधणी-कापड लावावे. नुसता रंगीत कागद कोपऱ्यांवर लवकर फाटतो. चिकटवहीच्या बांधणीत एक अडचण नेहमी येते. पाने भरत गेली की वही समोरून फुगते आणि कणा उसवतो. याचा उपाय असा की, शिवताना प्रत्येक दोन पानांमध्ये कण्याजवळ त्याच कागदाची पाऊण इंची पट्टी घालावी. पट्ट्यांमुळे कणा आधीच जाड राहतो आणि चिकटवलेल्या वस्तूंना जागा मिळते. शिवण्यास मेण लावलेला सुती दोरा वापरावा. नवख्याने शिवणीच्या फंदात न पडता दोन भोके पाडून दोरी किंवा स्क्रू लावलेली वही घ्यावी, तीत पाने वाढवता येतात.

प्लास्टिकची पाकिटे घ्यायची तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्यावीत. नव्या रेक्झिनसारखा उग्र वास येणारे मऊ प्लास्टिक पीव्हीसीचे असते, त्यातून निघणारी द्रव्ये फोटोला चिकटतात. मूळ दाखल्यांचे लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा काढता येत नाही, आणि गरम रुळातून गेलेला कागद पुढे दुरुस्तही होत नाही. निकाहनामा, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांची प्रत वहीत लावावी, मूळ कागद वेगळ्या पाकिटात ठेवावा.

६. कापडाचा तुकडा लावायचा असल्यास

निकाहाच्या ओढणीचा किंवा बाळाच्या पहिल्या अंगरख्याचा लहान तुकडा लावण्याची पुष्कळांना हौस असते. आधी पांढरे सुती फडके ओले करून तुकड्यावर घासावे. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा कागदाशी थेट लावू नये, पाकिटात घालावा. जर, गोटा, टिकल्या यांतील धातू दमट हवेत काळा पडतो आणि शेजारच्या फोटोला डाग देतो. असा तुकडा स्वतंत्र पानावर ठेवावा. सुती तुकड्याची कड कातर कात्रीने कापली की दसा निघत नाहीत.

७. जे घेण्याची गरज नाही

चमकी, फुगीर स्टिकर, नक्षीचे पंच, रंगीत फिती, प्लास्टिकची फुले यांवर नवखा माणूस पहिल्याच दिवशी अर्धा पैसा घालवतो. जाड वस्तूंनी समोरचे पान दबते, चमकी फोटोवर ओरखडे पाडते. ज्याला शोभा हवी त्याने कागदाचाच हाशिया कापून लावावा, जसा मुरक्क्यात असे.

दोन शब्द अदबीविषयी

लग्नपत्रिकांवर बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली असते आणि लग्न झाल्यावर ती पत्रिका कुठे ठेवावी असा प्रश्न पडतो. चिकटवही हे तिला चांगले स्थान आहे. कापताना अक्षरांवरून कात्री जाऊ नये, असा भाग पानाच्या वरच्या अंगाला लावावा, आणि उरलेला तुकडा केरात टाकू नये. फोटोंविषयी उलेमांची मते वेगवेगळी आहेत, त्या चर्चेत आम्ही शिरत नाही. ज्यांना फोटो नको आहेत, त्यांची वही पत्रे, सनदा, पत्रिका, जुन्या वास्तूंची चित्रे आणि वंशावळ यांनीही भरते.

ओल, कीड आणि पूर

वही जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता ठेवावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाने वाऱ्याला लावावीत, उन्हात नव्हे. कसर खळीच्या वासाने येते, म्हणून खळ पातळ लावावी आणि वही पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नये. नदीकाठच्या गावांनी वहीसाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवावा आणि पाण्याचा इशारा आला की दागिन्यांबरोबर तोच डबा आधी उचलावा.

इतके करूनही फोटो भिजलेच, तर एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत आणि तसेच वाळूही देऊ नयेत. स्टुडिओतून धुऊन आलेले फोटो असतील, तर स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूच वेगळे करावेत, चित्राच्या बाजूला बोट न लावता स्वच्छ सुती कापडावर चित्र वर करून सावलीत पसरावेत. घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेले फोटो पाण्यात घालू नयेत, त्यांचा रंग धुऊन जातो. ते फक्त पसरावेत. काम एका-दोन दिवसांत होण्यासारखे नसेल, तर फोटो पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, नाही तर बुरशी धरते. सवडीने काढून मग वेगळे करता येतात.

यात आपल्या कारागिरांना काय आहे

वरील यादी पुन्हा पाहिली तर ध्यानात येईल की, यातील एकही काम आपल्या लोकांना नवे नाही. बांधणीवाला पुठ्ठा आणि शिवण जाणतो. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कागद कापण्याचे यंत्र असते. शिंपी तिरका आणि सरळ काप ओळखतो. घरी बसून जरीकाम करणाऱ्या आपल्या भगिनींचा हात कोपरे आणि हाशिये करण्यास तयारच आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून या भागातील माणूस तावाचा, पन्ह्याचा आणि खळीचा हिशोब शिकला आहे. शिवाय सुती कात्रणाला हातकागदवाले गिऱ्हाईक असतात. त्यासाठी शुद्ध सुती पांढरे कात्रण पॉलिएस्टर-मिश्रणापासून वेगळे ठेवावे लागते, कारण मिश्र धाग्याचा कागद होत नाही. हे वेगळे करण्याचे काम आपल्या दुकानांत सहज होऊ शकते.

सुरुवात सुट्या मालाने न करता संचाने करावी. एका पिशवीत १० इंची २४ पानांची वही, शंभर कोपरे, एक काळे पेन, एक पेन्सिल, एक ग्लू स्टिक आणि वापराची माहिती सांगणारे एक पान, असा संच बांधावा. पहिल्या खेपेस दहा संच करावेत, शंभर नव्हेत. ते शाळेजवळचे स्टेशनरीवाले, फोटो स्टुडिओ आणि पत्रिका छापणारे यांच्याकडे ठेवावेत. फोटो आता मोबाइलमध्ये अडकून राहतात. स्टुडिओवाल्याला वहीबरोबर फोटो छापण्याचे काम मिळते, म्हणून तो आनंदाने जागा देतो.

किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरण्यास विसरू नये. हिशोब समजावा म्हणून आकडे घेऊ. समजा साहित्य १५० रुपये, दोन तासांची मजुरी १२० रुपये, खराबा १५ रुपये, वाहतूक आणि वीज १५ रुपये. एकूण खर्च ३०० रुपये. त्यावर चौथाई नफा धरला, तर विक्री ३७५ रुपये होते. दुकानदाराचे कमिशन द्यायचे असेल, तर ते यावर चढेल. आपल्या बाजारातील दर घालून हाच हिशोब करावा. मजुरी न धरता स्वस्त विकणारा कारागीर पहिल्या मोठ्या ऑर्डरलाच थकतो. माल उधारीवर ठेवायचा तर वहीत सही घेऊन ठेवावा आणि हिशोब दर महिन्यास मिटवावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. या धंद्यात गिऱ्हाइकाला दोष आज दिसत नाही, तो दहा वर्षांनी दिसतो. साधा कागद 'अॅसिड फ्री' म्हणून खपवला तर आज कोणी पकडणार नाही. पण त्या वहीत कुणाच्या मरहूम आईचा एकमेव फोटो असेल, आणि तो पिवळा पडेल तेव्हा दुसरा कुठून आणणार? मालातील ऐब झाकून विकू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. कागद साधा असेल तर साधा म्हणून विकावा, चांगला असेल तर तो का चांगला हे समजावून त्याची किंमत घ्यावी. असा विश्वास बसलेले गिऱ्हाईक एका वहीवर थांबत नाही, पुढच्या पिढीची वहीही आपल्याकडूनच नेते. अल्लाह तआला आपल्या कारागिरांच्या हाताला बरकत देवो.